बरडावरची दगडी रिंगणे

पूर्व विदर्भात धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होण्याआधी मध्येच एक पट्टा लागतो. जमीन उंचवट्याची, मुरमाड; नांगर लावावा तर फाळ दगडावर घासावा अशी. तिथे पळसाची खुरटी झाडे, थोडे कुसळी गवत आणि दिवसभर चरणारी गुरे, एवढाच काय तो संसार. इकडचे लोक अशा जमिनीला बरड म्हणतात आणि सरकारी दप्तरात ती बहुधा ‘झुडपी जंगल’ या सदरात जाऊन पडते. पिकाच्या दृष्टीने ही जमीन कोणाच्याच कामाची नाही. परंतु विदर्भाचा सर्वांत जुना इतिहास ज्याला वाचायचा असेल, त्याला सुपीक काळ्या रानात फार हिंडून चालणार नाही. त्याला ह्या बरडावरच यावे लागेल.

कारण ह्या बरडावर जागोजागी दगडांची रिंगणे आहेत. कमरेएवढे किंवा गुडघ्याएवढे मोठाले धोंडे एकाला एक लावून वर्तुळ केलेले असते. कोणते वर्तुळ पंधरा-वीस फूट रुंद, तर कोणते पन्नास फुटांच्या घरात जाते. आतली जागा बाहेरच्यापेक्षा किंचित फुगीर असते, जणू जमिनीने श्वास घेऊन तो तसाच धरून ठेवला आहे. गुराख्याला विचारावे तर तो सांगतो, “गवळी राजाच्या काळचे आहे.” विदर्भात जे जे फार जुने आणि ज्याचा धनी ठाऊक नाही, ते ते गवळ्यांचे! दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हाही त्यांना हेच उत्तर मिळाले होते.

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. झाडीपट्टीत दिवाळीच्या पाडव्याला आजही गोवारी बांधव गायगोधन साजरे करतात. गाई रंगवतात, ढाल उभारतात, वाद्यांच्या गजरात नाचतात. गुरांवर जगणाऱ्या माणसांची आठवण ह्या मातीत किती खोल मुरली आहे, त्याची ती खूण आहे. मात्र ‘गवळी राजा’ ह्या दोन शब्दांत जे मावत नाही, तेच आपल्याला येथे पाहायचे आहे.

ही रिंगणे म्हणजे थडगी आहेत. विद्वानांच्या भाषेत त्यांना शिलावर्तुळे म्हणतात आणि ज्या संस्कृतीने ती उभारली तिला बृहदश्म किंवा महापाषाण संस्कृती. तिची बांधणी सोपी पण विचारपूर्वक केलेली आहे. आधी जागा निवडून मोठ्या धोंड्यांचे कडे करायचे. आत चिकट काळी माती आणून तिच्यात मृताच्या अस्थी आणि त्याच्यासोबत द्यायच्या वस्तू ठेवायच्या. वर दगडगोटे आणि मुरूम यांचा थर रचून ढिगारा करायचा. धोंड्यांच्या कड्यामुळे ढिगारा पसरत नाही आणि ढिगाऱ्यामुळे कोल्ह्याकुत्र्यांना खाली पोचता येत नाही. अडीच हजारांहून अधिक पावसाळे ह्या रचनेने झेलले, यावरूनच तिचे बळ कळावे.

नागपूरजवळचे जुनापाणी, दक्षिणेस बुटीबोरीकडचे टाकळघाट-खापा, उत्तरेस माहुरझरी आणि नैकुंड ही ह्या वर्तुळांची प्रसिद्ध ठिकाणे. तिथे सह्याद्रीपासून पसरत आलेल्या काळ्या बसाल्ट खडकाची पूर्वेकडची सीमा आहे. म्हणून कडे काळ्या धोंड्यांचे. पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला सरकावे तसा खडक बदलतो, आणि खडकाबरोबर थडग्याचे रूपही काही ठिकाणी बदलते. जिथे सपाट चिपा निघतात तिथे चिपा उभ्या करून त्यांवर एक भली थोरली शिळा छपरासारखी ठेवलेली दिसते. पूर्व विदर्भात काही ठिकाणी लोक तिला ‘मांडवगोटा’ म्हणतात. ‘शिलामंडप’ हा पंडिती शब्द घडवणाऱ्याला ह्या नावापुढे लाज वाटावी, इतके ते नेमके आहे. चिमूर तालुक्यातील हिरापूर, आरमोरीजवळचे आरसोडा, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या वाटेवरचे चामोर्शी ही ह्या दोन जिल्ह्यांतील बृहदश्मांची गावे. पूर्वी हा सारा मुलूख एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली त्यातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

ह्या दगडांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणारा पहिला मोठा माणूस त्यांच्याच वाटेवर प्राणास मुकला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडमधील डन्स गावचा मिशनरी. १८१७ सालचा जन्म, आणि १८४५ च्या सुमारास तो नागपुरास आला. धर्मप्रचार हे त्याचे काम. परंतु त्याच्या झोळीत बायबलाबरोबर हातोडाही असे. नागपूरच्या परिसरातील खडक, त्यांतले जीवाश्म, गोंडांची भाषा, त्यांची लिंगोची कथागीते असे जे दिसेल ते तो टिपून ठेवी. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासह तो टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेला. पाहणी आटोपल्यावर बाकीची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप तिथली शाळा तपासायला मागे राहिला. संध्याकाळी तो एकटाच घोड्यावरून निघाला. वाटेतला ओढा दिवसा सहज ओलांडण्यासारखा होता, पण रात्री पाणी चढले होते. मुक्कामावर घोडा पोचला, स्वार पोचला नाही. तारीख होती ४ सप्टेंबर.

त्याचे सारे टिपण अपुरेच राहिले होते. टेंपल यांनी ते गोळा करून, नीट लावून १८६६ साली मध्यप्रांतातील आदिवासींविषयीचे कागद म्हणून छापले. गोंडांच्या लिंगोची कथा जगापुढे आली ती अशी, ओढ्यात बुडालेल्या माणसाच्या कागदांतून. नागपुरात १८८३ साली निघालेले कॉलेज आजही त्याचेच नाव चालवते. मात्र त्या नावामागे टाकळघाटची दगडी थडगी उभी आहेत, हे तिथून शिकून गेलेल्या पुष्कळांना ठाऊक नसेल.

हिस्लॉपनंतर आला जॉन हेन्री रिव्हेट-कार्नॅक. हा खात्याने कापसाचा अधिकारी आणि छंदाने पुराणवस्तूंचा शोधक. त्याने जुनापाणीची काही वर्तुळे खणली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला. काही धोंड्यांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे त्याला दिसले. एका ओळीत, कुठे दोन ओळींत. ह्या खळग्यांनी तो चकितच झाला, कारण अगदी असेच खळगे स्कॉटलंडच्या माळावरील दगडांवर त्याला माहीत होते. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्पसन, म्हणजे ज्यांनी क्लोरोफॉर्मची भूल प्रसूतीत प्रथम वापरली तेच, यांनी १८६७ साली त्यांवर एक ग्रंथच लिहिला होता. रिव्हेट-कार्नॅकला वाटले, दोन्ही देशांत एकच लोक फिरून गेले असले पाहिजेत. मध्य आशियातील सिथियन टोळ्यांचे नाव त्या काळच्या साहेबांच्या तोंडी सहज येई.

तर्क मोहक होता, पण टिकला नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या माळांवरील दगडी ढिगारे आणि वर्तुळे बहुतांशी चार-पाच हजार वर्षांपूर्वीची, धातूचा नुकता परिचय झाला होता किंवा झालाही नव्हता, अशा काळातली आहेत. आपल्या वर्तुळांत लोखंड भरभरून सापडते. मध्ये दीड-दोन हजार वर्षांचे अंतर! आपल्या माणसाला मातीआड करताना त्याच्यावर दगड रचावा, हे माणसाला पृथ्वीच्या पाठीवर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळी, आपले आपणच सुचले. त्यासाठी कोणी कोणाला शिकवायला जाण्याची गरज नव्हती. शिवाय ह्या सिथियन तर्काच्या पोटात एक अढीही होती: इथल्या भूमीत काही भव्य दिसले, की ते बाहेरच्यांनी येऊन केले असले पाहिजे! ती अढी सुटायला बराच काळ जावा लागला. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे पद्धतशीर उत्खनन करून दक्षिणेतील बृहदश्मांना इतिहासाच्या क्रमात जागा दिली, आणि मग विदर्भाकडेही लक्ष वळले.

१९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी जुनापाणी पुन्हा खणले. १९६८ मध्ये नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक शांताराम भालचंद्र देव टाकळघाट-खापाला पोचले, म्हणजे हिस्लॉप बुडाला त्यानंतर एकशेपाच वर्षांनी. पुढे माहुरझरी, मग जामखेडकरांबरोबर नैकुंड, आणि त्यानंतर इतरांची भागीमहारी, खैरवाडा अशी मालिका सुरू झाली. कोळशाच्या तुकड्यांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजून काळ ठरला. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकापासून पुढची काही शतके ही थडगी बांधली जात होती. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे मौर्यकाळातला ब्राह्मी लेख मिळाला आहे. महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचून त्यातली प्राणिवधबंदीची आज्ञा अशोकाच्या काळची ठरवली. ह्या मुलखात अक्षर आले ते तेव्हा. वर्तुळे बांधणारे त्याही पूर्वीचे. त्यांनी आपले नाव कुठे लिहून ठेवले नाही. जे सांगायचे ते वस्तूंनी सांगितले.

आणि वस्तू किती बोलक्या! काळी-तांबडी मडकी, म्हणजे काठ व आतली बाजू काळी आणि खालचा भाग तांबडा, अशी एकाच भाजणीत दोन रंग साधणारी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले, खंजीर. तांब्याची भांडी, त्यांवर झाकणे, आणि माहुरझरीच्या झाकणांवर मुठीच्या जागी बसवलेले इवलेसे पक्षी. अकीक-कार्नेलियनचे मणी; माहुरझरी हे तर मणी घडवणाऱ्यांचे गावच होते. आणि घोडा! काही थडग्यांत घोड्याची हाडे, लोखंडी लगाम आणि त्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. धनी गेला तेव्हा त्याचे लाडके जनावरही नटवून त्याच्याबरोबर पाठवले. माणसाच्या अस्थी मात्र बऱ्याच ठिकाणी थोड्या आणि सुट्या मिळतात. यावरून असे दिसते की, देह आधी कुठेतरी ठेवत किंवा पुरत आणि मागाहून अस्थी वेचून ह्या कायमच्या घरात आणत. मृत्यूचा दिवस वेगळा आणि निरोपाचा दिवस वेगळा.

नुसती थडगी पाहून त्यांना भटके म्हणावे, तर तेही खरे नाही. टाकळघाट, नैकुंड, भागीमहारी येथे त्यांची वस्ती सापडली. जमिनीत खांबांचे खड्डे, चुली, राख. आणि जळून टिकून राहिलेले धान्य: धान, जव, मसूर, वाटाणा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा वरण-भात म्हणा ना! गुरे राखणारे आणि शेती करणारे असे ते लोक होते. मग बरड जमीन थडग्यांना का, याचाही एक सरळ खुलासा देता येतो. दगड तिथेच हाताशी, आणि पिकाऊ जमीन जिवंतांसाठी मोकळी. मेलेल्यांना मान द्यायचा, पण मुलाबाळांच्या ताटातले काढून नव्हे.

नैकुंडला ह्याहून मोठी गोष्ट हाती आली: लोखंड गाळण्याची भट्टी. वक्र आकाराच्या मातीच्या विटांची गोल भट्टी, तिच्यात वारा घालण्याच्या भात्याच्या मातीच्या नळ्या आणि जवळच लोखंडाचा मळ. काळ सुमारे इसवी सनापूर्वी सातवे शतक. म्हणजे हे लोखंड बाहेरून विकत आणलेले नव्हते. खडकातून धातू काढण्याची विद्या ह्याच मातीत चालू होती. खडक तांबडा किंवा काळा असतो, त्यातून कोळशाच्या धगीत लोखंड निघते, हे ज्याने ओळखले तो माणूस आजच्या कोणत्याही अभियंत्याच्या पंक्तीला बसेल.

ह्या विद्येचा धागा पुढे कुठवर गेला पाहा. चांद्याचे लोखंड आणि चांद्याच्या छोट्या देशी भट्ट्या एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रसिद्ध होत्या. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोखंडी टेकडीविषयी अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. त्यांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून चालू होती, लोहारा जवळच. भारतात पोलाद तयार करायचे स्वप्न त्यांनी पाहिले ते प्रथम ह्या चांद्याच्या दगडावर. वरोऱ्याचा कोळसा भट्टीला उतरला नाही, शोध पुढे सरकत गेला आणि १९०७ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना दूर झारखंडाच्या बाजूस उभा राहिला. पण स्वप्नाचे बी इथले. आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून खनिज काढून नेणारे ट्रक जेव्हा जंगलातून धावतात, तेव्हा ती कथा सत्तावीस शतकांपूर्वीच्या त्या मातीच्या भट्टीपासून सुरू होते, हे विसरू नये.

आता मनात येणारा प्रश्न विचारलाच पाहिजे: ही माणसे कोण? त्यांचे वंशज कोण?

भामरागड-एटापल्लीच्या जंगलात माडिया गोंड राहतात. त्यांच्या गावांजवळ वाटेच्या कडेला, झाडांच्या सावलीत, उभ्या दगडांच्या रांगा दिसतात. काही अंगठ्याएवढे जाड, काही पुरुषभर उंच. प्रत्येक दगड एका मृत माणसाचा. गोंडी भाषेत दगडाला ‘कल’ म्हणतात. बस्तरचे कारभारी विल्फ्रिड ग्रिगसन यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात शेजारच्या मारियांच्या अशा स्मारकशिलांचे वर्णन केले आहे. तिथे त्यांना ‘उरसकल’ म्हणतात. दगड निवडून आणणे, भाऊबंदांनी तो वाहून नेणे, वाजतगाजत उभा करणे आणि मग साऱ्यांना जेवण घालणे, असा तो सोहळा. व्हेरियर एल्विन यांनीही ह्या विधींवर लिहिले. आणि फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४५ साली मध्य भारतातील ह्या चालत्या बृहदश्म परंपरेचा प्रश्न विद्वानांपुढे मांडला.

वर्तुळ आणि हा दगड यांना एकदम जोडून टाकावे, असा मोह कोणालाही होईल. पण इतिहासाने मोह आवरायचा असतो. दोहोंमध्ये दोन हजार वर्षांहून मोठी पोकळी आहे. मधली साखळी दाखवता येत नाही. वर्तुळात अस्थी, घोडा, हत्यारे पुरलेली. माडियांचा दगड मात्र बहुधा दहन किंवा दफनाच्या जागेहून वेगळा, नुसत्या आठवणीचा. एवढ्यावरून वंशावळ लिहिता येत नाही. साहेबाने सिथियन आणले, ही एक घाई झाली. आपण उलटी घाई करू नये.

तरीही ह्या दगडांपासून शिकण्यासारखे एक आहे आणि ते फार मोलाचे आहे. वर्तुळाच्या कडेला उभे राहिले की आपल्याला धोंडे दिसतात, माणसे दिसत नाहीत. माडियांच्या गावी ती दिसतात. एका माणसाने दगड उभा होत नाही. त्याला भाऊबंद लागतात, सोयरे लागतात, धान्य शिल्लक असलेले घर लागते, थांबायला तयार असलेले दिवस लागतात. दगडाचे वजन म्हणजे मेलेल्याच्या मागे किती माणसे उभी आहेत त्याचे माप. जुनापाणीच्या धोंड्यांकडे ह्या नजरेने पाहिले म्हणजे कळते की, तिथे नुसता एखादा सरदार निजलेला नाही; त्याला वाहून आणणारा सारा गाव तिथे आपल्या खांद्यांची खूण ठेवून गेला आहे. आणि ज्यांच्या मागे इतके खांदे नव्हते, त्यांची थडगी आज आपल्याला सापडतही नाहीत.

दिवाळीच्या गडबडीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा लावतो. फराळाच्या घाईत एक क्षण का होईना, मृत्यूच्या दिशेला उजेड दाखवायचा, अशी आपल्या सणाची शिकवण आहे. मृतांना आपल्या घरातून पार घालवून देऊ नये, हे माडियाला दगडाने कळते, आपल्याला दिव्याने, आणि त्या जुन्या माणसांना धोंड्यांच्या कड्याने कळत होते.

पण कडी आता तुटत आहेत. बरडाची जमीन निरुपयोगी, म्हणून रस्त्याला मुरूम लागला की तो तिथूनच खणला जातो. विहिरीला, बांधाला, घराच्या जोत्याला हे आयते धोंडे सोयीचे पडतात. कोणी गुप्तधनाच्या लोभाने रात्री कुदळ चालवतो आणि त्याला मिळते काय? फुटके मडके आणि गंजलेले लोखंड. तो ते फेकून देतो, आणि त्याच्याबरोबर ते मडके कोणत्या थरात, कोणाच्या उशाशी होते ही माहितीही कायमची जाते. १९५८ च्या कायद्याने जुनापाणीसारख्या काही स्थळांना संरक्षण मिळाले आहे. पण बरडाबरडावर विखुरलेल्या प्रत्येक रिंगणाशी पहारेकरी बसवणे कोणत्याही खात्याला जमणार नाही. ते काम गावाचेच आहे. देऊळ आपले असते तसे हे रिंगणही आपलेच आहे, एवढे शाळेतल्या पोराला कळले, तर पहारा आपोआप बसेल.

ह्या दिवाळीच्या सुटीत कोणी मार्कंड्याला, ताडोब्याला किंवा मंडईच्या निमित्ताने झाडीपट्टीतल्या सोयऱ्यांकडे जाणार असेल, तर त्याने तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला जवळपास असे दगड आहेत का, म्हणून जरूर विचारावे. बहुधा तो आधी गवळी राजाची गोष्ट सांगेल. ती शांतपणे ऐकून घ्यावी आणि मग त्याच्याबरोबर बरडावर जावे. मुलांना धोंडे मोजू द्यावे, त्यांवर वाटीसारखे खळगे सापडतात का ते शोधू द्यावे. फक्त एकही दगड जागचा हलवू देऊ नये. तो जिथे आहे तिथे कोणीतरी, कोणासाठी तरी, फार लांबून वाहून आणून ठेवला आहे.